किटलीला धुराडं कावून न्हाई

आमच्या मालकाला देवानं दोन हात दिले, पर ते गप ठिवायची अक्कल द्यायची राह्यली. लग्नाला बावीस वर्षं झाली. धड चाललेली वस्तू बघितली की ह्या माणसाच्या पोटात दुखतं. धान्याच्या कणगीला चाकं लावली, ती उतारानं निघून गेली. खाटंला टेकायला मागं फळी लावली, तिच्यावर पाहुणा बसला आन् उताणा पडला. आजून तो पाहुणा आमच्याकडं आला की भुईवरच बसतो. अख्खी वाडी मालकांना मिस्तरी म्हणती. मी काय म्हणते ते इथं सांगायजोगं न्हाई.

हे सगळं मी सोसलं. पर एकोणीस सालच्या दुष्काळात त्यायच्या हाताला किटली लागली, आन् तिच्यापायी मला निवडणुकीला उभं राहावं लागलं.

दोन पावसाळे कोरडे गेलते. नांदूरघाटापासून आत, आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला, आटलेल्या तळ्याच्या काठी दूध संस्थेनं जनावरांची छावणी उघडली. चारशे जनावरं, वर हिरवी जाळी, खायला संस्थेचा ऊस आन् कडबा, प्यायला टँकर. दर घरचं एक तरी माणूस जनावरापाशी राहायचं असा नियम होता. आमी दोघंबी तिथंच राहायचो. आमची दोन बैलं, एक कालवड आन् मोरी. मोरी माझ्या माहेरची गाय. वासरू असताना माझ्यासंगं आली, आता म्हातारी झालती. उजव्या गुडघ्याला सूज. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं म्हणलं तरी चार जागी थांबायची. छावणी वाडीच्या हाकंवर होती म्हणून तर ती तिथवर आली. लांब असती तर तिला रानात सोडून द्यावी लागली असती, कारण तसल्या गाईला गिऱ्हाईक न्हाई आन् घरी चाऱ्याची काडी न्हाई.

छावणीत बाकी ठीक होतं, हाल व्हायचे ते चहाचे. कडब्याच्या गंजी असल्यामुळं आत चूल पेटवायला बंदी. तीनशे पावलांवर तळ्याच्या भिंतीपाशी जायचं, तीन दगड मांडायचे, आन् वाऱ्यानं जाळ एकीकडं, भांडं एकीकडं. उकळी येईस्तोवर निम्मं पाणी आटायचं, आत घिऊन येईस्तोवर उरलेलं गार व्हायचं. टँकरच्या पाण्याचा असा इस्कोट बघून माझा जीव जळायचा.

त्याच टायमाला नांदूरघाटातल्या एका हॉटेलवाल्यानं पाण्यावाचून भट्टी बंद केली. त्याची पितळी किटली मालकांनी आणली. मला वाटलं, नुसती आणली. चार दिवसांनी बघते तर तिचं बूड कापलेलं. आपला आंघोळीचा बंब असतो ना, मधी नळी, नळीत जाळ, भोवती पाणी, तसं त्यायनं किटलीचं केलं. फवारणीचा जुना पितळी पंप घरी पडलेला होता. त्या साली फवारायला पीकच नव्हतं. त्याचा नळा कापून किटलीच्या मधोमध उभा बसवला, डाख देऊन पक्का केला. खाली तेलाच्या डब्याचं बूड भोकं पाडून जोडलं. वरून शेणीचा तुकडा आन् पऱ्हाटीच्या चार काटक्या टाकायच्या. जाळ पोटात, वारा बाहेर, आन् माणसाची एक विडी संपायच्या आत पाण्याला उकळी.

चांगली झालती, मी कबूल करते. तिथंच थांबले असते तर मी बी गप बसले असते.

पर थांबतील ते आमचे मालक कसले. धुराड्यातून ठिणगी उडती म्हणून त्यायनं वर माझी चहाची गाळणी बसवली. पाणी उकळलेलं कळावं म्हणून माझ्या कुकरची शिट्टी काढून तिला लावली. मग आमच्या कुकरात डाळ शिजंना. दांडा भाजतो म्हणून त्याला सायकलच्या हँडलची मूठ. तोटीत माशी जाती म्हणून तोटीला बैलाच्या शिंगाची पितळी शेंबी, साखळीनं लटकवलेली, आन् ती साखळी माझ्या ट्रंकंची. दुधाचं भांडं अडकवायला धुराड्याच्या अंगानं तारंचं कडं. कपांसाठी गळ्याभोवती आठ आकडे. उभी राहायला दुमडायचे तीन पाय. एवढं करून एक दिस बघते तर दाभण घिऊन बारदान शिवत बसलेले. इचारलं, हे आता काय. म्हणले, झूल हाय, किटलीला, चहा गरम राहतो. त्या साली पोळ्याला बैलांच्या अंगावर झूल नव्हती, आन् किटलीच्या अंगावर होती.

छावणीला मात्र ती लई आवडली. ठिणगी बाहेर येत न्हाई हे संस्थेच्या माणसानं उकिडवं बसून बघितलं, आन् तेवढी एक किटली आत पेटवायची परवानगी दिली. मग काय, शिट्टी वाजली की माणसं कप घिऊन हजर. महिन्याभरात मालकांनी आणखी अकरा किटल्या केल्या. कुणाला तंबाखूची डबी जोडून पायजे, कुणाला रेडिओची काडी. गीताबाईनं तर किटलीला आरसा लावून घेतला. चहा होईस्तोवर कुंकू लावता येतं म्हणं. रामहरीच्या किटलीला मालकांनी दोन तोट्या काढल्या, एक बिनसाखरंची. संध्याकाळी सगळ्या किटल्यांच्या शिट्ट्या एकदम वाजल्या की बैलं दावणीला झटका द्यायची, आन् मालक सोताच्या लेकरांचा आवाज ऐकावा तसे मान हालवत ऐकायचे. मला राग यायचा. माझी डाळ आजून शिजत नव्हती.

तेवढ्यात विठ्ठलरावांनी काढलं. विठ्ठलराव म्हंजी आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. छावणी इथून हलवायची म्हणले, नांदूरघाटाच्या पल्याड, रस्त्याकडंच्या त्यायच्या सोताच्या रानात. टँकरला सोयीचं पडतं म्हणं. खरं कारण बारक्या लेकरालाबी कळंल. चारशे जनावरं चार महिने ज्या रानात शेण टाकतील, त्या रानाला पुढं धा वर्षं खत घालायचं काम न्हाई. आमच्या वाडीपासून ते रान नऊ किलोमीटर. मोरी नव्वद पावलं चालली तर मी मागं देव देव करायची, ती नऊ किलोमीटर कुठून चालती.

नेमकी त्याच महिन्यात संस्थेची निवडणूक लागली. आमच्या वाडीचे तात्याबा, सगळ्यात जुने सभासद, त्यायनं विठ्ठलरावांच्या विरोधात पॅनल उभं केलं. संचालक तेरा. ज्याच्याकडं सात, त्याची छावणी. बायांच्या जागंला तात्याबांनी मला धरलं. म्हणले, मंजुळा, तुझ्या किटलीचा चहा पेलं न्हाई असं माणूस छावणीत न्हाई, आन् चिन्हबी आपण किटलीच मागून घेऊ. मला राजकारणातलं काय कळतं. पर मोरीकडं बघितलं आन् हो म्हणलं.

समोरचं चिन्ह छत्री. आन् त्या छत्रीखाली कोण, तर छबुबाई, माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा बंकट, म्हंजी आमच्या मालकांचा सख्खा धाकटा भाऊ, विठ्ठलरावांची जीप चालवतो. वाटण्या झाल्यापासून आमच्या दोन घरांचं बोलणं न्हाई. एकाच जाळीखाली जनावरं बांधून आमी दोघी एकमेकीकडं पाठ करून बसायचो, आन् तिच्या म्हशीचं तोंड माझ्याकडं आलं तर ती तिला बी वळवून बांधायची.

प्रचाराला काय लागत न्हाई. मालक पुढं झूल घातलेली किटली घिऊन, मी मागं कप घिऊन, दावणी-दावणीनं हिंडायचं. सगळं बरं चाललं होतं. मतदानाच्या आठ दिस आधी तात्याबांनी मतपत्रिकेचा नमुना आणला. त्याच्यावर माझं नाव, आन् नावापुढं किटली छापलेली. साधी किटली, पोट, तोटी, दांडा.

मालकांनी तो कागद उजेडात धरला, आडवा धरला, उभा धरला. त्यायचं तोंड उतरलं. "किटलीला धुराडं कावून न्हाई?" म्हणले.

मी समजावलं, आवो, ही सरकारची किटली हाय, सरकार असाच चहा करतं. पर न्हाई. त्यायनं सायकल काढली, नांदूरघाटाला गेले, निवडणुकीच्या साहेबाला गाठलं आन् सांगितलं की चित्रात चूक हाय, दुरुस्त करून द्या. साहेबांनी चिन्ह बदलता येत न्हाई म्हणून वाटंला लावलं. तवापासून मालक धड जेवले न्हाईत. ज्याला त्याला तो नमुना दावायचे आन् म्हणायचे, बघा, ह्यात जाळ घालायचा तर कुठं घालायचा. मी म्हणलं, तुमाला त्या चित्रावर चहा न्हाई करायचा, शिक्का मारायचाय. मारीन की, म्हणले, पर मन लागत न्हाई.

मतदान झालं, दुसऱ्या दिशी शाळेत मोजणी. साहेब सांगलीकडचे, तरणे, आमच्या भागात नवीन. पहिल्या बारा जागा मोजून होईस्तोवर दोन्हीकडच्या गड्यांनी एवढा दंगा केला की साहेबांनी झाडून सगळ्यांना बाहेर काढलं आन् दारात पोलीस उभा केला. बारांतल्या सहा तिकडं, सहा आमच्याकडं. राह्यली एकच जागा, बायांची. खोलीत साहेब, आन् उमेदवार म्हणून मी आन् छबुबाई. छावणी कुठं राहायची ते आता आमच्या दोघींवर होतं.

साहेबांनी दोनदा मोजलं. मला एकशे त्रेचाळीस. छबुबाईला एकशे त्रेचाळीस. एक मतपत्रिका त्यायनं बाजूला ठिवली होती, ती उचलून चष्म्यापाशी नेली.

"हे काय आहे?" म्हणले.

त्यायनं ती टेबलावर ठिवली. शिक्का माझ्याच घरात होता, अगदी व्यवस्थित, कोपऱ्यात, चित्राला धक्का न लावता मारलेला. आन् किटलीला निळ्या पेनानं मधोमध धुराडं काढलेलं होतं. धुराड्यावर जाळी. जाळीची भोकंबी मोजून घ्यावी अशी. शिट्टी होती, सायकलची मूठ होती, तोटीला शेंबी होती, कपांचे आठ आकडे होते, खाली तीन पाय होते. नुसती झूल तेवढी राह्यलती. मागं माणसं खोळंबली असतील.

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. छबुबाईनं बघितलं आन् तिच्या तोंडावर हसू पसरलं.

साहेब म्हणले, शिक्का तर स्पष्ट आहे, मत किटलीलाच आहे. पण नियम असा की मतपत्रिकेवरच्या खुणेवरून मत कुणाचं हे ओळखता आलं तर ते बाद. हे कुणी काढलंय ते तुमच्यापैकी कुणाला सांगता येईल का?

मी छताकडं बघितलं. छबुबाई तटकन म्हणली, मला ठाऊक हाय. साहेबांनी पेन उघडलं, आन् म्हणले, मग नाव सांगा.

आन् छबुबाई गप झाली.

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. आन् नवऱ्याच्या थोरल्या भावाचं तर त्याहून न्हाई. त्यायच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत न्हाई, नाव कुठलं घेती. वाटण्या होवोत, भांडणं होवोत, बोलणं बंद होवो, ते मोडत न्हाई. साहेबांच्या ते ध्यानातच येईना. ती म्हणली, आमच्या ह्यांचे थोरले. साहेब म्हणले, ह्यांचे म्हणजे कुणाचे? तेबी सांगता येईना, कारण ते बंकटचं नाव. मग म्हणली, ह्या बाईचा नवरा, आन् माझ्याकडं बोट केलं. साहेब माझ्याकडं वळले. संस्थेच्या कागदावर माझं नाव आजून माहेरचंच, त्यावरून त्यायला काय कळंना. मी म्हणलं, मला काय माहीत, मी तवा आत नव्हते. बाई, आक्षेप लिहून घ्यायचा तर मतदाराचं नाव लागतं, साहेब तिला म्हणले. तिनं घाम पुसला. महादेवाचं नाव हाय म्हणली. साहेबांनी यादी पुढं ओढली. आमचा भाग परळीपासून लांब न्हाई. यादीत महादेवाच्या नावाचे एकवीस सभासद निघाले. त्रिंबक का? न्हाई. वैजनाथ का? न्हाई. सोमेश्वर का? छबुबाई म्हणली, जवळ आलाव. साहेबांनी यादी मिटली.

"हे बघा, मला सकाळपासून पाणीसुद्धा मिळालेलं नाही," म्हणले. "नाव सांगता येत नसेल तर आक्षेप नाही. शिक्का योग्य जागी आहे. कुणा येड्यानं रेघोट्या मारल्यात, मारू दे. मी हे मत धरतो."

एकशे चव्वेचाळीस. माझ्या अंगात वीज शिरली. छावणी आमच्या तळ्यावर, मोरी जाग्यावर. मी नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं. साहेबांनी आकडा लिहायला पेन टेकवलं सुद्धा होतं.

पर ते येडा म्हणले ना.

बावीस वर्षं मी त्यायला येडा म्हणत आले. दिवसातून चारदा म्हणते. पर ते माझं काम हाय, सांगलीहून येऊन कुणी करायचं न्हाई. आन् रेघोट्या? आठ दिस माणूस धड जेवला न्हाई, बाकीचे गडी शिक्का मारून मोकळे झाले, आन् ह्यानं तेवढ्या पडद्याआड उभं राहून जाळीची भोकं काढली. त्या कागदावर एक रेघ फुकटची नव्हती. माझ्या डोक्यात सणक गेली.

"रेघोट्या न्हाईत त्या साहेब," मी म्हणलं. "हे धुराडं हाय, ही ठिणगीची जाळी हाय. असली किटली पुऱ्या केज तालुक्यात कुणी केली न्हाई. ही उत्तरेश्वरानं केलीय."

छबुबाईनं तोंडाला पदर लावला. हसायला न्हाई, खरंच दचकून. बाईच्या तोंडून मी नवऱ्याचं नाव असं मोकळं ऐकलं नव्हतं, तिनंबी नव्हतं. साहेबांनी यादी उघडली, बोट फिरवलं, एका जागी थांबलं. मग माझ्याकडं बघितलं. लई वाईट वाटलं त्यायला, तोंडावरून कळत होतं. आन् मतपत्रिकेवर आडवी रेघ मारून त्यायनं "बाद" लिहिलं.

मग बरोबरी म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. दारातल्या पोलिसानं एक उचलली. छत्री.

बाहेर आले तर तात्याबा शाळेच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसलेले. बातमी माझ्याआधी बाहेर पोचलती. वाडीतली माणसं माझ्याशी बोलंनात, आन् जी बोलायली त्यायचं बोलणं ऐकवंना. मालक कुंपणापाशी उभे होते. मी त्यायच्याकडं बघितलं न्हाई. सरळ छावणीत गेले आन् मोरीच्या गळ्यात पडून रडले. मीच माझ्या तोंडानं तिला घालवली, हे मला गिळवंना.

मालक जरा वेळानं आले. चुळबुळ करत उभे राह्यले. म्हणले, रडायली कावून? मी म्हणलं, डोळे फुटले का, मोरी नऊ किलोमीटर चालती का. म्हणले, चालती कशाला, गाड्यात बसवून नेऊ. गाड्याची फळ्यांची साटी खाली उतरवतो, मागं चढायला उतरती फळी करतो, पोटाखाली पट्टा बांधला की गुडघ्यावर भार येत न्हाई. तीन दिसांचं काम हाय.

माझं रडं जागच्या जागी थांबलं. इचारलं, हे तुमाला कवा सुचलं?

"छावणी हलणार म्हणले त्याच दिशी."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तू निवडणुकीचं बोलायलीस," म्हणले. "मला कुणी इचारलंच न्हाई."

त्यायला काय म्हणलं ते सांगत न्हाई. वाडीपर्यंत ऐकू गेलं एवढं खरं.

आठव्या दिशी छावणी हलली. सगळी वाडी जनावरं हाकत रस्त्याला, उन्हातान्हात, धुरळ्यात. मधी आमचा गाडा, आन् गाड्यात मोरी, पोटाखाली पट्टा, पुढ्यात कडबा, चौफेर बघत, नवरीसारखी. छबुबाई, नवीन संचालक, आपली म्हैस ओढत आमच्या मागूनच चाललती. नऊ किलोमीटर तिलाबी सुटले नव्हते. चढाला तिची म्हैस अडली तवा मी कासरा धरू लागले. ती काय बोलली न्हाई, मीबी न्हाई, पर म्हशीचं तोंड माझ्याकडं होतं आन् तिनं ते वळवलं न्हाई.

मालक बैलांपाशी चालायलते. जरा मागं राहून माझ्या जोडीला आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बावीस वर्षांत ह्या माणसाला मी लाजताना बघितलं नव्हतं, ते त्या दिशी बघितलं.

"साहेबासमोर माझं नाव घेतलंस म्हणं," म्हणले.

मी म्हणलं, घेतलं.

चार पावलं तसेच चालले. मग हळूच म्हणले, "एकदा परत घे की."

मला हसूबी आलं आन् डोळेबी भरले. हा माणूस मला लई आवडतो, हे मला त्या धुरळ्यात, त्या हारलेल्या दिशी कळलं. पर असं काय तोंडावर सांगायचं नसतं, लगेच डोक्यावर बसतात.

"पाच वर्षांनी," मी म्हणलं. "पुढच्या निवडणुकीला."